पहिल्या गोळीचे गाव

बल्गेरियाच्या नकाशावर पश्चिमेकडून पूर्वेकडे बाल्कन पर्वताची रांग आडवी गेलेली दिसते. तिच्या दक्षिणेस, तिच्याशी समांतर, परंतु तिच्याहून ठेंगणी आणि अधिक झाडोऱ्याची अशी दुसरी एक रांग आहे. तिला स्रेद्ना गोरा, म्हणजे ‘मधले अरण्य’, असे म्हणतात. या अरण्यात तोपोल्नित्सा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, कोप्रिव्श्तित्सा नावाचे एक लहानसे गाव वसलेले आहे. नाव मराठी जिभेला अवघड खरे. पण त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे. ‘कोप्रिवा’ म्हणजे अंगाला लागताच आग करणारे एक रानटी झुडूप. आपल्या खाजकोलतीसारखेच म्हणा ना. आणि ज्या वाचकांच्या नेमणुका नैनिताल-मसुरीकडे झाल्या असतील त्यांना तिकडची ‘बिच्छू-घास’ चांगलीच ठाऊक असेल. तीच ही वनस्पती. अशा काटेरी नावाच्या गावात १८७६ साली एका बंडाची पहिली गोळी उडाली, आणि तिचा आवाज लंडनच्या पार्लमेंटापर्यंत जाऊन पोचला.

सोफियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या आगगाडीने आम्ही निघालो. गावाच्या नावाचे स्टेशन आहे, पण ते गावात नाही. दहा-बारा किलोमीटर अलीकडे, रानातच उभे आहे. तेथून नदीच्या काठाकाठाने वळणे घेत जाणाऱ्या रस्त्याने गाव गाठावे लागते. एखादे वळण संपून आता गाव दिसेल असे वाटावे, आणि पुन्हा दुसरेच वळण समोर यावे, असा तो रस्ता आहे. पूर्वी या रानवाटांचाच गावाला आधार होता. राजमार्गापासून दूर असल्यामुळे तुर्की अंमलदारांची वर्दळ येथे कमी आणि गावकऱ्यांस आपला कारभार आपण पाहण्याची मुभा अधिक.

तथापि या दूरपणाने गावाचे सर्वच संकटांपासून रक्षण केले असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की साम्राज्याची मध्यवर्ती सत्ता खिळखिळी झाली, आणि पगार न मिळालेले शिपाई, पळपुटे आणि लुटारू यांच्या टोळ्या बाल्कन प्रदेशात माजल्या. त्यांना तिकडे ‘कर्जाली’ म्हणत. आपल्याकडे पेंढारी माजले तो काळ आणि हा काळ जवळजवळ एकच. आणि कारणेही पुष्कळशी तीच. या कर्जालींनी १७९३ पासून पुढल्या पंधरा-वीस वर्षांत कोप्रिव्श्तित्सा तीनदा लुटून जाळले. आज गावात जे उभे आहे ते सारे त्या राखेवर उभे राहिलेले आहे. गावातील निळ्या रंगाचे मातृदेवतेचे जुने देऊळ १८१७ सालचे. ते अवघ्या अकरा दिवसांत बांधले असे गावकरी सांगतात. अकरा की एकवीस, हा वाद आम्ही घालीत नाही. पण परवानगी मिळाली आहे तोवर बांधून घ्यावे ही परधर्मीय राजवटीतील रयतेची घाई त्या दंतकथेत स्पष्ट दिसते.

इतक्या उंचीवरच्या या डोंगराळ जमिनीत पीक ते काय येणार? तेव्हा गावाने शेतीवर भिस्त ठेवली नाही, मेंढरांवर ठेवली. इस्तंबूलसारख्या अफाट शहराला मांस पुरवावयाचे, म्हणजे बाल्कन प्रदेशातील कळपच्या कळप तिकडे हाकीत न्यावयाचे. हा धंदा येथल्या लोकांच्या हाती आला. पुढे सुलतानाचा मेंढरांवरील कर, ज्याला ‘बेग्लिक’ म्हणत, तो वसूल करण्याचे मक्ते येथल्या धनिकांनी घेतले. तिसरा धंदा ‘अबा’चा. अबा म्हणजे जाडेभरडे लोकरी कापड. १८२६ साली सुलतानाने जानिसारी फौज मोडली आणि युरोपीय पद्धतीचे नवे खडे सैन्य उभारले, तेव्हा त्या सैन्याच्या गणवेशासाठी या कापडाला मोठी मागणी आली. कोप्रिव्श्तित्साचे शिंपी आणि व्यापारी इस्तंबूल, स्मर्ना, अलेक्झांड्रिया, कैरो येथपर्यंत जाऊन दुकाने थाटू लागले. वर्षानुवर्षे परगावी राहावयाचे, पैसा गाठीस बांधावयाचा, आणि घर मात्र गावी बांधावयाचे, हा त्यांचा क्रम होता. घरापासून दूर असलेल्या आमच्या वाचकांस तो निराळा समजावून सांगावयास नको.

ती घरे पाहण्यासाठीच आज माणसे येथे येतात. संरक्षित म्हणून नोंद झालेल्या वास्तूच पावणेचारशेंहून अधिक आहेत, आणि गावची वस्ती पाहावी तर दोन हजारांच्या आसपास! बाहेरून प्रथम दिसतात ती दगडी उंच कुसवे आणि त्यांतील लोखंडी खिळ्यांची भक्कम दारे. आपल्या वाड्यांचा दिंडी दरवाजा आठवावा. आत फरसबंदी अंगण, कडेला विहीर किंवा पाण्याची चावी, आणि मग दुमजली घर : खालचा मजला दगडी, वरचा लाकडी, भिंतीच्या बाहेर झुकलेला, निळ्या, तांबड्या किंवा पिवळ्या रंगाने रंगविलेला. एका अंगणातून शेजारच्या अंगणात जावयास कुसवात लहानसे दार ठेवलेले असते. शेजाऱ्याकडे विरजण मागावयास जाताना रस्त्यावर यावे लागू नये ही सोय. पण अशा चोरदारांनी अंगणे एकमेकांशी जोडलेली असली म्हणजे पोलिसाची धाड पहिल्या घरावर पडली असता माणूस पाचव्या घरातून बाहेर पडू शकतो, हीही सोयच म्हणावयाची.

ओस्लेकोव्ह नावाच्या व्यापाऱ्याचे घर १८५३ ते १८५६ या काळात बांधले गेले. दर्शनी बाजूस खांबांवर तोललेल्या तीन कमानी आणि त्यांच्या वरच्या भिंतीवर दूरदेशीच्या नगरांची रंगीत चित्रे. ल्युतोव्ह यांचे म्हणून ओळखले जाणारे घर १८५४ चे. ते प्लोव्हदिव्ह शहराच्या घाटावर, मध्यभागी दिवाणखाना आणि दोहो बाजूंस सारख्या खोल्या अशा रचनेचे आहे. त्याच्याही भिंतींवर शहरे रंगविलेली आहेत. या चित्रांसमोर आम्ही बराच वेळ थांबलो. बाहेर खिडकीतून दिसणारे डोंगर, देवदाराची झाडे आणि मेंढरांची वाट. आणि आत भिंतीवर समुद्र, गलबते, घुमट. ज्या माणसाने ही चित्रे काढवून घेतली त्याचे अर्धे आयुष्य त्या शहरांत गेले होते, आणि ती शहरे त्याच्या बायकोने बहुधा कधीच पाहिली नव्हती.

येथल्या बोलीत हिंडताना आणखी एक गंमत वाटते. दुकानाला हे लोक ‘द्युक्यान’ म्हणतात, बाजाराला ‘पझार’, गावातल्या मोकळ्या चौकाला ‘मेग्दान’, आणि भिंतीला ‘दुवार’. फारसी-अरबी शब्दांचे हे भांडवल तिकडे तुर्कांच्या कचेऱ्यांबरोबर गेले, आणि आपल्याकडे बहामनी व आदिलशाही कचेऱ्यांबरोबर आले. गावच्या धनिक पुढाऱ्याला ‘चोर्बाजी’ म्हणत. मराठी कानाला हा शब्द भलताच सूचक वाटेल. पण त्यातील ‘चोर्बा’ म्हणजे आपला शोरबा. जानिसारी फौजेत ज्याच्या हाती रश्श्याचे भांडे तो अधिकारी, आणि मग ज्याच्या घरी पाहुण्याला पोटभर जेवण मिळते तो गावचा पाटील, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. चोर्बाजी म्हणजे कर गोळा करून सरकारात भरणारा, गावाच्या वतीने अंमलदाराशी बोलणारा, शाळा-देवळांना देणग्या देणारा गृहस्थ. पुढच्या कथेत त्याचे काम मोठे आहे.

पैशापाठोपाठ विद्या आली. नेओफित रिल्स्की हा विद्वान संन्यासी १८३७ ते १८३९ येथे शिकवीत होता. त्याचा विद्यार्थी नायदेन गेरोव्ह रशियातील ओदेसा येथे शिकून परत आला आणि १८४६ साली त्याने गावात नव्या धर्तीची शाळा काढली. हाच गेरोव्ह १८५७ पासून प्लोव्हदिव्ह येथे रशियाचा उपवकील होता. परक्या सरकारची चाकरी करता करता त्याने आपल्या मातृभाषेचे शब्द टिपून ठेवले. त्यांतून उभा राहिलेला बल्गेरियन भाषेचा बहुखंडी कोश १८९५ पासून प्रसिद्ध होऊ लागला. याच गावचा ल्युबेन कारावेलोव्ह कादंबरीकार झाला, बुखारेस्टला राहून त्याने क्रांतिकारकांच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि वृत्तपत्रे चालविली; त्याचा धाकटा भाऊ पेत्को स्वतंत्र बल्गेरियाचा पंतप्रधान झाला. एवढ्याशा गावाने इतकी माणसे द्यावीत याचे आश्चर्य वाटते. पण मेंढरे, अबा आणि शाळा ही तीन कारणे एकत्र ठेवली म्हणजे आश्चर्य पुष्कळसे कमी होते.

आता १८७६ कडे वळू. वासिल लेव्हस्की याने गावोगाव हिंडून गुप्त समित्यांचे जाळे विणले होते. त्याला १८७३ साली सोफियात फाशी झाली. १८७५ च्या अखेरीस डॅन्यूब नदीपलीकडे, रुमानियातील ज्युर्जू येथे काही तरुण जमले आणि येत्या वसंतात उठाव करावयाचा असे त्यांनी ठरविले. देशाचे चार विभाग पाडले गेले. त्यांपैकी प्लोव्हदिव्ह विभागाची सूत्रे गेओर्गी बेन्कोव्स्की याच्या हाती आली. याचे खरे नाव गाव्रिल ख्लातेव्ह. हा कोप्रिव्श्तित्साचाच एक शिंपी. अबाचे कपडे शिवीत त्याने आशिया मायनर आणि मिसरपर्यंतचा मुलूख पाहिला होता. ‘बेन्कोव्स्की’ हे नाव त्याला एका परागंदा पोलिश माणसाच्या पारपत्रातून मिळाले. गावात त्याचे घर आहे. १८३१ चे, लहान, एकसारखेपणा नसलेले, रंगारंगोटी नसलेले. ओस्लेकोव्हचे घर पाहून मग हे पाहावे. एकाच गावातल्या दोन घरांमधले अंतर तेवढ्याने कळते.

तोदोर काब्लेश्कोव्ह मात्र सुखवस्तू घरचा. त्याचे १८४५ चे घर, त्यातला प्रशस्त दिवाणखाना आणि नक्षीदार छत पाहिले म्हणजे या मुलाला काय कमी होते असा प्रश्न कोणाही बापाला पडेल. तो इस्तंबूलच्या गालातासराय विद्यालयात शिकला, तारखात्यात नोकरीस लागला, आणि पुढे बेलोव्हो येथे स्टेशनमास्तर झाला. इस्तंबूलहून येणारा लोहमार्ग तेव्हा बेलोव्होच्या आसपास संपत असे. शेवटच्या स्टेशनचा मास्तर म्हणजे कोण आला, कोण गेला, किती शिपाई उतरले हे सर्वांआधी पाहणारा माणूस. सरकारी-निमसरकारी खुर्चीवर बसून सरकार उलथण्याची तयारी करणारे असे लोक आपल्याकडेही होऊन गेले. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेब-खात्यात कारकून होते, आणि त्यांचे बंड १८७९ चे, म्हणजे याच्या मागोमागचे.

एप्रिलच्या मध्यास पानाग्युरिश्ते गावाजवळच्या रानात ओबोरिश्ते नावाच्या जागी साठांवर प्रतिनिधी जमले आणि उठावाची तारीख १ मे ठरली. तेथे हजर असलेल्यांपैकीच एकाने ही बातमी सरकारास पोचविली. काब्लेश्कोव्हला पकडण्यासाठी प्लोव्हदिव्हहून निघालेले शिपाई १९ एप्रिलला कोप्रिव्श्तित्सात येऊन दाखल झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काब्लेश्कोव्हने वाट पाहिली नाही. त्याने माणसे गोळा केली, देवळांच्या घंटा वाजविल्या, आणि कचेरीवर चाल केली. गावातून वाहणाऱ्या ओढ्यावर १८१३ साली बांधलेला, एका कमानीचा दगडी पूल आहे. त्या पुलापाशी गेओर्गी तिखानेक याने झाडलेल्या गोळीने एक शिपाई पडला. तोच ‘पहिल्या गोळीचा पूल’. पाच-सहा पावलांत ओलांडता येईल एवढा तो लहान आहे. त्यावर उभे राहून खाली पाहिले तर घोट्याएवढे पाणी. इतिहासाच्या पुस्तकात या पुलाला जेवढी जागा मिळाली आहे तेवढी प्रत्यक्ष जमिनीवर मिळालेली नाही.

तारखेविषयी एक खुलासा केला पाहिजे. २० एप्रिल ही तारीख जुन्या ज्यूलियन पंचांगाची. आजच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस २ मे येतो. बल्गेरियाने नवे पंचांग १९१६ साली स्वीकारले. त्यामुळे उठाव ‘एप्रिलचा’ म्हणवला जातो, गावच्या चौकाचे नावही ‘२० एप्रिल’ असेच आहे, आणि स्मरणाचा सोहळा मात्र मे महिन्याच्या आरंभी होतो.

त्याच दिवशी काब्लेश्कोव्हने पानाग्युरिश्तेच्या समितीला घाईघाईने एक चिठ्ठी लिहिली. आमच्याकडे सुरू झाले आहे, तुम्हीही उठा, असा तिचा आशय. पडलेल्या शिपायाच्या रक्ताने तिच्यावर क्रूस काढून ती घोडेस्वाराबरोबर डोंगरापलीकडे पाठविण्यात आली. ‘रक्ताची चिठ्ठी’ या नावाने बल्गेरियातील प्रत्येक शाळकरी मुलाला ती माहीत असते. ती पानाग्युरिश्तेत पोचताच बेन्कोव्स्कीने उठाव जाहीर केला. राय्ना नावाच्या वीस वर्षांच्या शिक्षिकेने सोनेरी सिंहाचे निशाण शिवले होते. ते घेऊन ती घोड्यावर बसून गावातून फिरली. तिचे पुढे तुरुंगात फार हाल झाले. त्यानंतर मॉस्कोस जाऊन तिने सुईणपणाचे शिक्षण घेतले आणि तेच काम करीत आयुष्य काढले. उठाववाल्यांकडे तोफा नव्हत्या, म्हणून चेरीच्या झाडाचे बुंधे पोखरून, त्यांना लोखंडी कडी ठोकून त्यांनी तोफा केल्या. संग्रहालयात त्या पाहताना हसू येत नाही. लाकडाची तोफ फार वेळ टिकत नाही हे त्या करणाऱ्या सुतारांना ठाऊक नव्हते असे थोडेच आहे!

नियमित सैन्य येण्यापूर्वीच सुलतानाने ‘बशीबझुक’ सोडले. हे बिनपगारी, लुटीवर जगणारे हत्यारबंद लोक. आधी क्लिसुरा हे शेजारचे गाव जळाले, आणि तेथली बायकामुले डोंगर चढून कोप्रिव्श्तित्साच्या आश्रयाला आली. ती आली तेव्हा त्यांच्या तोंडून गावाने काय ऐकले असेल, हे लक्षात घेऊनच पुढची गोष्ट वाचावी. उठाव सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. गावातील चोर्बाजींनी उठाववाल्यांपैकी हाती लागतील तेवढे पकडून कोंडून ठेवले, सरकारकडे शरणागतीचा निरोप पाठविला, आणि चालून आलेल्या सैन्याला व बशीबझुकांना सोने मोजून देऊन गाव वाचविले. पानाग्युरिश्ते जळाले, कोप्रिव्श्तित्सा जळले नाही. ज्या गावाने पहिली गोळी झाडली तेच तेवढे उभे राहिले.

झाखारी स्तोयानोव्ह याने आपल्या ‘बल्गेरियन उठावांच्या आठवणी’त या चोर्बाजींवर कडक कोरडे ओढले आहेत. त्याला तो अधिकार होता. हा पूर्वीचा मेंढपाळ; बेन्कोव्स्कीच्या घोडेस्वार तुकडीत तो स्वतः होता; बेन्कोव्स्की मारला गेला तेव्हा बरोबर होता; आणि पकडला जाऊनही जगला. पुढे तो राष्ट्रीय विधानसभेचा अध्यक्ष झाला. त्याचे हे पुस्तक १८८४ ते १८९२ या काळात तीन खंडांत निघाले, आणि बल्गेरियन लोकांनी आपल्या उठावाचे चित्र बव्हंशी त्याच्याच डोळ्यांनी पाहिले. त्या चित्रात चोर्बाजी म्हणजे थैलीला जपणारा फितूर. १९४४ नंतरच्या राजवटीला तर हे चित्र सोयीचेच होते.

आम्हाला मात्र हा निकाल इतका सोपा वाटत नाही. पहिली गोष्ट, बंड करणारे आणि बंड दडपणारे यांची घरे या गावात वेगळी काढता येत नाहीत. काब्लेश्कोव्ह धनिकाचा मुलगा होता. ओस्लेकोव्हने आपल्या त्या तीन कमानींच्या घरात उठाववाल्यांचे गणवेश शिवून घेतले, आणि त्यापायी त्याला प्राण द्यावे लागले. ज्या अबाने सुलतानाच्या सैन्याला कपडे घातले त्याच अबाने बंडखोरांनाही घातले. दुसरी गोष्ट, ज्यांनी सोने मोजले त्यांनी केवळ आपली घरे वाचविली नाहीत. क्लिसुराहून आलेली बायकामुलेही त्याच कुसवांच्या आत होती. पण तिसरी गोष्ट लपविणेही बरोबर नाही. सोने देणे वेगळे आणि आपल्याच गावच्या मुलांना कोंडून ठेवणे वेगळे. पहिल्याला आम्ही शहाणपण म्हणू. दुसऱ्याला तेच नाव देण्यास आमची लेखणी तयार होत नाही. आज प्रवासी ज्या रंगीत घरांची छायाचित्रे घेतात ती उभी राहिली ती या दोन्ही कृत्यांमुळे, आणि संग्रहालयाच्या पाट्यांवर पहिल्या गोळीविषयी जेवढे लिहिलेले असते त्याच्या मानाने या व्यवहाराविषयी फार थोडे लिहिलेले असते.

पुढाऱ्यांचा शेवट लवकर झाला. बेन्कोव्स्की आपली उरलीसुरली माणसे घेऊन बाल्कनच्या रानात शिरला. एका मेंढपाळाने फितुरी केली आणि मे महिन्यात रिबारित्साजवळ तो मारला गेला. काब्लेश्कोव्ह त्रोयानच्या बाजूस पकडला गेला. त्याचा छळ झाला. जूनमध्ये गाब्रोव्होच्या कचेरीत पहारेकऱ्याचे पिस्तूल हाती लागताच त्याने स्वतःला संपविले. वय पंचवीस.

लष्करी दृष्ट्या पाहिले तर हा उठाव सपशेल फसला. त्याचा परिणाम झाला तो त्याच्या सूडामुळे. दक्षिणेस रोदोपे पर्वतात बातक नावाचे गाव आहे. तेथे बशीबझुकांनी देवळात आश्रय घेतलेल्या माणसांसकट गावाची कत्तल केली. जानुअॅरियस मॅकगाहन हा अमेरिकन बातमीदार ऑगस्टमध्ये तेथे पोचला आणि त्याने लंडनच्या ‘डेली न्यूज’ पत्रात जे पाहिले ते लिहिले. एकट्या प्लोव्हदिव्ह भागात सुमारे बारा हजार बल्गेरियन मारले गेले असा अंदाज इंग्रज सरकारने पाठविलेल्या बेअरिंगने दिला. अमेरिकेचा वकील स्कायलर याने आकडा निदान पंधरा हजारांवर नेला. या आकड्यांवर आजही वाद चालतात. उठाववाल्यांच्या हातूनही काही ठिकाणी निःशस्त्र मुसलमान मारले गेले, हेही नोंदविले पाहिजे. पण दोहोंचे प्रमाण एक नाही.

लंडनमध्ये त्या वेळी डिझरायली पंतप्रधान होता. रशियाच्या भीतीने तुर्कस्तानला सांभाळून घ्यावयाचे हे त्याचे धोरण; तेव्हा प्रथम त्याने या बातम्या थट्टेवारी नेल्या. ६ सप्टेंबर १८७६ रोजी ग्लॅडस्टनने बल्गेरियातील अत्याचारांवर आपले प्रसिद्ध पत्रक काढले. महिनाभरात त्याच्या दोन लाख प्रती खपल्या. येथे हिंदुस्थानच्या वाचकाने दुसरे पंचांग उघडून शेजारी ठेवावे. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी करणाऱ्या कायद्याला संमती मिळाली ती २७ एप्रिल १८७६ रोजी, म्हणजे कोप्रिव्श्तित्साच्या पुलावरील गोळीच्या अवघे पाच दिवस आधी. त्याच वर्षी पाऊस गेला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ कोसळला. इस्तंबूलमध्ये युरोपचे वकील बल्गेरियाचे काय करावे याचा खल करीत होते, त्याच सुमारास १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता. सोलापूर-नगरकडची माणसे तेव्हा खडी फोडण्याच्या दुष्काळी कामांवर होती. ग्लॅडस्टनच्या कळवळ्याविषयी आम्हाला शंका नाही. पण एका साम्राज्याला दुसऱ्या साम्राज्याची रयत जितकी स्पष्ट दिसते तितकी स्वतःची दिसत नाही, एवढे या दोन पंचांगांवरून म्हणता येते.

आणखी एक धागा आहे. रशियाने एप्रिल १८७७ मध्ये तुर्कस्तानशी युद्ध पुकारले, जिंकले, आणि ३ मार्च १८७८ रोजी सान स्तेफानो येथे तह करून विशाल बल्गेरिया निर्माण केला. तो डिझरायलीला मानवला नाही. रशियाला धाक दाखविण्यासाठी त्याने पार्लमेंटास न विचारता सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर नेले. त्यांत मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणीही होत्या. लढाई झाली नाही. पण कोकणातील किंवा देशावरील एखादा शिपाई १८७८ च्या उन्हाळ्यात ज्या बेटावर कवायत करीत होता, तेथे तो का आला याचे उत्तर शोधीत गेले तर वाट अखेरीस या ओढ्यावरच्या पुलापाशी येते. त्याला हे कोणी सांगितले नसेल, हे निराळे.

जुलैमध्ये बर्लिन येथे युरोपच्या मुत्सद्द्यांनी नव्या बल्गेरियाचे तुकडे केले. कोप्रिव्श्तित्सा सरहद्दीच्या दक्षिणेकडे, सुलतानाच्या नाममात्र सत्तेखालील ‘पूर्व रुमेलिया’त राहिले. पुढे १८८५ मध्ये दोन्ही भाग एक झाले. स्वातंत्र्य मिळाले आणि त्याबरोबर गावाची भरभराट संपली, हा या कथेतील एक चमत्कारिक भाग आहे. विशाल तुर्की साम्राज्य हीच गावाची बाजारपेठ होती. ती सरहद्दींपलीकडे गेली, यंत्रावरचे युरोपीय कापड आले, सोफिया राजधानी झाली आणि शिकलेली माणसे तिकडे नोकऱ्यांस गेली. नवीन बांधावयास कोणाकडे पैसा उरला नाही, म्हणून जुने तसेच राहिले. चोर्बाजींच्या सोन्याने जे वाचले ते पुढे गरिबीने जपले. १९५२ साली सरकारने सबंध गावच संग्रहालय म्हणून जाहीर केले. १९६५ पासून दर काही वर्षांनी येथल्या कुरणांवर लोकगीते आणि लोकनृत्ये यांचा राष्ट्रीय मेळावा भरतो. युनेस्कोने २०१६ साली त्याची वाखाणणीने नोंद घेतली.

शहरात नोकरीला गेलेल्यांत दिम्चो देबेल्यानोव्ह हा कवी होता. त्याचा जन्म १८८७ चा. वडील वारले तेव्हा तो लहान होता. कुटुंब प्लोव्हदिव्हला आणि पुढे सोफियाला गेले. तेथे तो हवामान-कचेरीत कारकुनी करी आणि सोडलेल्या घराविषयी कविता लिही. पहिल्या महायुद्धात तो आपण होऊन आघाडीवर गेला आणि २ ऑक्टोबर १९१६ रोजी आजच्या ग्रीसच्या हद्दीत मारला गेला. त्याच्या अस्थी १९३१ साली गावी आणल्या. त्या निळ्या देवळाच्या आवारात त्याची समाधी आहे, आणि तिच्यापाशी इव्हान लाझारोव्ह या शिल्पकाराने घडविलेली त्याच्या आईची मूर्ती आहे. डोक्यावरून रुमाल घेतलेली, जमिनीवर बसलेली, हनुवटीला हात लावून वाटेकडे पाहणारी. आम्ही गेलो तेव्हा तिच्या मांडीवर कोणी तरी रानफुले ठेवून गेले होते. देवळाच्या पायऱ्या उतरून खाली आलो तो स्टेशनकडे जाणारी मोटार निघण्याच्या बेतात होती.